साथीचे रोग व घरोघरची विचारपूस

भूगोलाच्या पुस्तकात कर्कवृत्त व मकरवृत्त ह्यांच्या दरम्यान जो रुंद पट्टा दाखविलेला असतो, तो उष्ण कटिबंध होय. आपली सणसवाडी ह्याच पट्ट्यात, विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांच्या किंचित पुढे, पुणे-नगर हमरस्त्यावर वसलेली आहे. ह्या पट्ट्यात हिवताप, पटकी, डेंगी, हत्तीरोग इत्यादी रोगांचा उपद्रव फार. म्हणून वैद्यकशास्त्राने त्यांस ‘उष्ण कटिबंधाचे रोग’ असे एक सामुदायिक नाव दिले. नाव सोयीचे आहे. परंतु ते ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की, हे रोग उन्हापासूनच उपजतात व ते आपल्या कपाळी लिहिलेलेच आहेत. ही समजूत खरी नव्हे. इंग्लंडच्या दलदलींत एके काळी हिवताप होता. लंडन शहरात १८५४ साली पटकीने हजारो माणसे नेली. तेथील ऊन काही आपल्यासारखे नव्हते. पाण्याची व्यवस्था सुधारली, दलदली आटल्या, घरे बदलली, आणि ते रोग तेथून गेले. उष्णतेचा भाग इतकाच की, डासांसारख्या कीटकांस ती मानवते आणि पावसाळ्यात साठलेले पाणी त्यांस आयते सापडते. बाकीचा भाग माणसांच्या राहणीचा आहे, आणि राहणी बदलता येते.

ती कोठे व कशी बदलावयाची हे मात्र अंदाजाने कळत नाही. कोणत्याही साथीच्या रोगाविषयी संशोधकास तीन गोष्टी शोधून काढाव्या लागतात. तो कोणत्या जंतूमुळे होतो ही पहिली. तो एकापासून दुसऱ्यास कोणत्या वाटेने जातो ही दुसरी. आणि आपण योजलेल्या उपायाने खरोखर गुण आला, की साथ आपोआपच ओसरली, ही तिसरी. पहिलीचे उत्तर पुष्कळदा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मिळते. दुसरीचे अर्धे तेथे व अर्धे बाहेर मिळते. तिसरीचे उत्तर प्रयोगशाळेच्या चार भिंतींत मिळत नाही; त्यासाठी गावात जाऊन, दार वाजवून, आत कोण आजारी आहे हे विचारावे लागते. दार उघडणाऱ्याने खरे सांगितले तर शास्त्र पुढे जाते. त्याने लपविले तर मोठमोठ्या पंडितांचे हिशेब चुकतात. ह्या लेखात आम्ही विशेषेकरून ह्या दाराचाच विचार करणार आहोत. कारण गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या भागातील दारांवर ही थाप तीन निरनिराळ्या तऱ्हांनी पडलेली आहे.

पहिली थाप प्लेगच्या वेळची. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ताप व गाठी येऊन माणसे पटापट मरू लागली, तेव्हा हा प्लेग होय असे डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले. जंतू कोणता हे त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँग येथे यर्सिन ह्या शास्त्रज्ञाने दाखविले होते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती होते. दुसऱ्याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. रोग स्पर्शाने पसरतो, कपड्यांनी पसरतो, धान्याने पसरतो की जमिनीतून वर येतो, ह्याविषयी ज्याचा त्याचा तर्क. अशा अज्ञानाच्या काळातच सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि पुण्यास रँडसाहेबांच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊ लागले.

रोगी शोधून काढावा, त्यास इस्पितळात न्यावे, घरच्या मंडळींस छावणीत ठेवावे व घर धुऊन काढावे, असा त्या व्यवस्थेचा बेत होता. बेतामागील हेतू रोग थांबविण्याचा होता हे नाकारता येत नाही. परंतु रीत अशी की, न सांगता न विचारता परकी माणसे स्वयंपाकघरात व देवघरात शिरत, सामान अंगणात फेकीत, आणि स्त्रियांची तपासणीही लाज राखून होत नसे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा भाग विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या तासाला वाचलेला असतो. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने दुसऱ्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे आम्हांस वाटते. झडतीच्या भयाने लोक आपले रोगी लपवू लागले. कोणी माळ्यावर, कोणी परसात, कोणी रातोरात दुसऱ्या गावी. ज्या नोंदीसाठी एवढा खटाटोप मांडला ती नोंदच खोटी होऊ लागली. आणि पळून गेलेल्या माणसांबरोबर रोगही नव्या गावी गेला असल्यास नवल नाही.

त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले ह्याही प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना घातला होता. मुंढव्याहून एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणिले असे सांगतात. त्यांस स्वतःस प्लेगची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या कोणाच्या दारी गेल्या तर दार आतून लावून घेण्याचे कारण नव्हते.

पुढे जे उघडकीस आले ते तर आणखी विचार करावयास लावणारे आहे. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने कराचीस प्रयोग करून असे दाखविले की, प्लेग मुळात उंदरांचा रोग असून उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरील पिसवा माणसास चावतात व त्यामुळे माणसास तो होतो. कित्येक वर्षे ह्या म्हणण्यास कोणी फारशी किंमत दिली नाही. १९०५ नंतर मुंबईस नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने पिंजऱ्यांतील प्राण्यांवर पुनःपुन्हा प्रयोग करून ते खरे ठरविले. म्हणजे १८९७ साली शिपाई ज्या घरात माणूस शोधीत होते, त्या घरात उंदीर शोधावयास हवा होता. आपल्या खेड्यांतील अनुभवी माणसांनी मात्र, घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे, असा परिपाठ ठेविला होता. त्यांस पिसवांचे शास्त्र अवगत नव्हते. परंतु त्यांचा आडाखा बरोबर होता. त्यांस कोणी नीट विचारले असते तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित लवकर सापडते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. प्लेग मुंबईत आल्यावर थोड्याच दिवसांत वाल्डेमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ तेथे येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक पडवी एवढ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता तेथील निम्म्या कैद्यांस ती दिली. कैदी खुषीने पुढे आले असे लिहिलेले आहे. तुरुंगातल्या खुषीची किंमत किती धरावी, ह्याविषयी मात्र आमच्या मनात शंका आहे.

लस गुणकारी की नाही ह्याची खरी कसोटी लागली ती बडोदे संस्थानातील उंढेरा ह्या लहानशा खेड्यात, १८९८ च्या फेब्रुवारीत. गावात साथ चालू होती. हाफकिन ह्यांनी सगळ्या गावास कुटुंबवार एकत्र बोलाविले व प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली. पुरुष, स्त्रिया, मुले, धडधाकट, अशक्त, ह्यांची वाटणी दोन्हीकडे होईल तितकी सारखी ठेविली. काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन घरोघर चौकशी केली. ज्या कुटुंबांत रोग शिरला होता अशी २८ कुटुंबे निघाली. त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ दगावली. लस न घेतलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ दगावली.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. हाफकिन ह्यांनी एका गावास लस टोचून दुसऱ्या गावास तशीच ठेविली असती, तर काय कळले असते? फारच थोडे. एका गावात उंदीर अधिक, दुसऱ्यात कमी. एकाची घरे दगडी, दुसऱ्याची कुडाची. फरक लशीमुळे पडला की घरांमुळे, ह्याचा निवाडा कोण करणार? परंतु एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या दोघा भावांत एकास लस दिली व दुसऱ्यास दिली नाही, तर बाकीच्या सर्व गोष्टी सारख्या राहतात व फरक फक्त लशीचा उरतो. हीच तुलनेची पद्धती. दोन कुंड्यांत एकच माती, एकच पाणी व एकच बियाणे ठेवून एकीस खत घालणाऱ्या मुलास ती सहज समजेल. आजची सारी औषधे व लशी ह्या एकाच पद्धतीच्या चाळणीतून निघालेल्या असतात. उंढेऱ्याच्या त्या २६ माणसांचा विचार मात्र आमच्या मनातून जात नाही. आपल्या वाट्यास लस का आली नाही, हे त्यांस कोणी समजावून सांगितले होते काय?

लशीवरील विश्वास किती नाजूक असतो हे थोड्याच काळात दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ माणसांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन ह्यांस दोषी धरून कामावरून दूर केले गेले. बाटली तयार करताना नव्हे, तर गावात उघडल्यावर तीत जंतू शिरले असावेत, असे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि १९०७ साली त्यांच्यावरील ठपका निघाला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली थाटलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे.

दुसरी थाप नारूची. आज शाळेत असलेल्या मुलांनी हा शब्द आजोबा-आजींच्या तोंडूनच ऐकला असेल. पायऱ्यांच्या विहिरीत किंवा बारवेत उतरून लोक पाणी भरीत. ज्याच्या पायास नारूचा फोड झालेला असे तोही त्याच पाण्यात पाय बुडवी. फोडातून जंताची सूक्ष्म पिले पाण्यात पडत. त्यांस पाण्यातील एक बारीक किडा गिळी. तो किडा पिण्याच्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई. आणि सुमारे वर्षाने दोन-अडीच हात लांबीचा दोऱ्यासारखा जंत पायातून बाहेर पडू लागे. तो एखाद्या काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावयाचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणास खिळे. ऐन पेरणीच्या वा सुगीच्या दिवसांत घरचा कर्ता असा पडून राहिला म्हणजे त्या घराचे वर्ष बुडत असे.

ह्या रोगावर औषध नव्हते व लसही नव्हती, आजही नाही. तरीही तो आपल्या देशातून समूळ गेला. १९८० नंतरच्या दशकात देशभर मोहीम निघाली. कामगार घरोघर जाऊन ‘नारूचा माणूस कोणी आहे काय’ असे विचारीत, त्याची जखम बांधीत, पाण्यात उतरू नये म्हणून समजावीत. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेण्यास शिकवीत. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा त्यांचे रूप पालटून हातपंप बसवीत. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. ह्या कामात दार ठोठावणाऱ्याजवळ बंदूक नव्हती, फडके होते. रोगी लपविण्यात कोणाचा लाभ नव्हता, सांगण्यात होता.

तिसरी थाप तर आपल्या अगदी शेजारची आहे, आणि तिच्याविषयी आपल्याच मुलांस फारशी माहिती नसावी ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुक सर्वांस ठाऊक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात ह्याच गावी ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावातल्याच बायका-पुरुषांस शिकवून आरोग्यसेवक करावे आणि त्यांनी घरोघर जावे, अशी त्यांची योजना होती. १९९३ साली त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ह्या पायावर २००२ साली तेथे कायमची लोकनोंद सुरू झाली. शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांतील प्रत्येक घरी वर्षातून दोनदा जाऊन, कोण जन्मले, कोण वारले, कोण नांदावयास आले, कोण गाव सोडून गेले, हे लिहून घेतले जाते. ह्या नोंदीत लाखाहून अधिक माणसे आहेत.

वरवर पाहता हे तलाठ्याच्या दप्तरासारखे रुक्ष काम दिसते. त्याचे मोल असे की, शंभर मुलांपैकी किती आजारी पडली हे सांगावयाचे तर आधी मुले शंभर होती हे पक्के ठाऊक असावे लागते. दवाखान्याच्या वहीत जे आले त्यांची नावे असतात. जे आले नाहीत, ज्यांनी घरीच काढा घेतला, जे वाटेत दगावले, त्यांचा तीत पत्ता नसतो. घरोघरच्या नोंदीत तो असतो. म्हणून अशी नोंद असलेली गावे संशोधनास फार मोलाची, आणि म्हणूनच वढूच्या केंद्राने केलेल्या कामाचा उपयोग सबंध देशास झाला.

ह्याचे एक उदाहरण रोटा विषाणूचे. तान्ह्या मुलांस होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांचे हा विषाणू एक प्रमुख कारण आहे. दिल्लीच्या इस्पितळातील एका नवजात बालकाकडून मिळालेल्या सौम्य विषाणूपासून भारतीय शास्त्रज्ञांनी त्यावर तोंडाने देण्याची लस बनविली. तिची परीक्षा दिल्ली, वेल्लोर व पुणे जिल्हा अशा तीन ठिकाणी झाली, आणि पुणे जिल्ह्यातील भाग वढूच्या केंद्राने सांभाळला. एकूण ६,७९९ बालके तीत होती. ४,५३२ बालकांस लस मिळाली व २,२६७ बालकांस लशीसारखेच दिसणारे, परंतु लस नसलेले थेंब मिळाले. कोणास काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकण्यासारख्या पद्धतीने ठरत असे. आईबापांस ते ठाऊक नसे आणि थेंब पाजणाऱ्या डॉक्टरांसही नसे. ह्याचे कारण उघड आहे. ‘ह्यास लस दिलेली आहे’ हे मनात असले म्हणजे चांगल्या माणसाच्याही तपासण्यात फरक पडतो. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोटा विषाणूच्या तीव्र जुलाबांचे प्रमाण लशीमुळे निम्म्याहून अधिक घटले. निम्म्याहून अधिक म्हणजे सर्व नव्हे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. मीठ-साखर-पाण्याची जलसंजीवनी व हात धुणे ही लशीनंतरही सुटत नाहीत. २०१६ पासून रोटा विषाणूवरील लस सरकारी लसीकरणात येऊ लागली व २०१९ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. आज सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास आपल्या तान्ह्या भावंडांस रोटा लशीचे जे थेंब पाजतात, त्यांच्यामागे आपल्या शिवारालगतच्या घरांतील मातांनी दिलेला होकार आहे.

दुसरे उदाहरण आम्हांस अधिकच आवडते, कारण त्यात अपयश आहे. गोवरावरील लस सुईने न टोचता श्वासाबरोबर ओढून देता आली तर किती बरे, असे जगातील पुष्कळ तज्ज्ञांस वाटत होते. सुई नको, मुलाचे रडणे नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम.च्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत नऊ महिन्यांवरील २,००४ बालकांवर ह्याची परीक्षा केली. तीन महिन्यांनी रक्त तपासता, सुईने लस दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे ९५ बालकांच्या अंगी गोवराविरुद्ध शक्ती आलेली दिसली. श्वासाने दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे ८५. सुईच श्रेष्ठ ठरली, आणि २०१५ साली तसे स्पष्टपणे छापून आले. कोणी म्हणेल, मग एवढा खर्च व श्रम वायाच गेले. आमचे मत तसे नाही. ही परीक्षा झाली नसती आणि नव्या युक्तीच्या मोहाने ती लाखो मुलांस दिली गेली असती, तर शंभरांतील आणखी दहा मुले आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत उघडीच राहिली असती. गोवर अशा दहा मुलांचीच वाट पाहत असतो.

येथे पालकांशी चार शब्द बोलणे अवश्य आहे. आपल्या भागात असे संशोधन चालते, म्हणून केव्हातरी कोणी आपल्या दारी येऊन आपल्या मुलाविषयी विचारील. तेव्हा काय करावे? आमचे म्हणणे असे की, घाबरून दार लावू नये आणि भिडेखातर अंगठाही उठवू नये. बसवून घ्यावे व विचारावे. हे काम कोणत्या संस्थेचे? नीतिसमितीने त्यास मान्यता दिली आहे काय? माझ्या मुलास नेमके काय देणार, किती वेळा रक्त घेणार, अपाय झाला तर खर्च कोण करणार? मध्येच नको वाटले तर नाव काढून घेता येईल काय, आणि तसे केल्यास नेहमीचा औषधोपचार चालू राहील काय? शेवटल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेच असावयास हवे. आजचा नियमच तसा आहे. संमतीपत्र मराठीत असावे, ते वाचून दाखविले जावे, आणि विचार करण्यास वेळ मिळावा, हा आपला हक्क आहे. उंढेऱ्याच्या माणसांस हे काहीच मिळाले नव्हते. प्रश्न विचारणाऱ्या पालकाचा कामसू संशोधकास राग येत नाही. ज्यास येतो त्याच्या कागदावर सही करू नये.

सणसवाडीचे पूर्वीचे रूप आता राहिलेले नाही. जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती तेथे कारखाने उभे राहिले; मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार व उत्तर प्रदेशातून माणसे कामास आली व भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली. एका खोलीत चौघे, पाळी दिवसाची तर दोघे घरी, रात्रीची तर दुसरे दोघे. नळास पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून दाराशी पिंप आलेच. ह्या पिंपांतील स्वच्छ, स्थिर पाणी डेंगी, चिकनगुन्या व झिका ह्या तिन्ही रोगांच्या डासास फार प्रिय असते. हा डास गटारापेक्षा आपल्या पिंपात, फुलदाणीत, टायरात व कुंडीखालच्या ताटलीत अंडी घालणे पसंत करतो, आणि दिवसा चावतो. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी तापाचे पुष्कळ रोगी निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा कित्येकांस चिकनगुन्या असून एका बाईस झिका असल्याचे आढळले. महाराष्ट्रात झिका सापडल्याची ती पहिलीच वेळ. प्रयोगशाळेने विषाणू ओळखला खरा; परंतु त्यानंतर लगेच आरोग्यसेवकांस त्या गावात घरोघर हिंडून ताप कोणास व अळ्या कोणत्या पिंपात हेच पाहावे लागले.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस हे काम स्वतः करून पाहता येईल. पावसाळा सुरू झाल्यावर दोघादोघांनी आपापल्या आळीतील वीस घरे घ्यावी, आणि ती आपल्या ओळखीची म्हणून निवडू नयेत; गल्लीच्या एका टोकापासून ओळीने घ्यावी. वहीत चार रकाने आखावे: घराचा क्रमांक, पाणी साठविलेली भांडी किती, त्यांपैकी अळ्या असलेली किती, आणि भांडे झाकलेले होते की उघडे. दारी गेल्यावर आधी आपले व शाळेचे नाव सांगावे, कशासाठी आलो ते सांगावे, आणि आत येऊ का असे विचारावे. अळ्या आढळल्यास घरच्यांस त्या विजेरीच्या उजेडात दाखवाव्या व परवानगी घेऊन पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे. पाण्यात अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणून सातव्या दिवसाच्या आत पुन्हा फेरी करावी व दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहावे. झाकलेल्या व उघड्या पिंपांतील फरक किती हे त्यावरून शेकडेवारीने काढता येईल.

कोणी ‘नको’ म्हणाले तर हुज्जत घालू नये. वहीत ‘नकार’ असे लिहून नमस्कार करून पुढे जावे. कुलूप असेल तर ते घर गाळून पुढचे घेऊ नये. त्या ओळीत ‘बंद’ असे लिहावे, आणि कारखान्यास सुटी असेल त्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन दार वाजवावे.